पर्वताची बाजू : बालकथेचे पुनर्कथन आणि द्रोणागिरी

परिचित कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून मुलांना सांगण्याची पद्धत आता शालेय लेखन-उपक्रमांतही दिसते. या संदर्भात जॉन शेस्का यांच्या १९८९ मधील पुस्तकाचा उल्लेख वारंवार होतो. त्यात तीन डुकरांची गोष्ट लांडगा सांगतो व स्वतःला निर्दोष ठरवतो. त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे मात्र वाचणाऱ्या मुलावर सोपवलेले असते. अनुकरणांतून नेमका हाच भाग गळतो. काऊला सज्जन आणि चिऊला दुष्ट केले की पुनर्कथन साधले, अशी समजूत होते. वस्तुतः ही केवळ भूमिकांची अदलाबदल होय.

उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. हनुमान नेत असलेल्या पर्वताचा तुकडा येथे पडला, अशी या डोंगराविषयीची आख्यायिका आहे. तिच्यात पर्वत हे अनायासे लाभलेले दान ठरते. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातल्या द्रोणागिरी गावात मात्र पर्वत हेच दैवत. ते उचलून नेले म्हणून तेथे हनुमानाची पूजा होत नाही. लक्ष्मणाचे प्राण वाचले हे खरे आणि गावाचा देव गेला हेही खरे. यासाठी कोणालाही खलनायक करावे लागत नाही.

ही दुसरी बाजू लोकमानसाने बाहेरून चिकटवलेली नाही. वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडात इंद्रजिताच्या अस्त्राने वानरसेना पडते, त्या प्रसंगी याचक येत असल्याचे ओळखून औषधी स्वतः अदृश्य होतात. हनुमान पर्वताला निर्दय म्हणून दोष देतो आणि शिखर उपटतो. औषधींना इच्छा आहे, पर्वताला जाब विचारता येतो, म्हणजे ती पात्रेच आहेत. विशेष म्हणजे कार्य संपल्यावर हनुमान तो पर्वत पुन्हा हिमालयात नेऊन ठेवतो. मुलांसाठीच्या संक्षिप्त कथनांत उड्डाण उरते, परतफेड बहुधा गाळली जाते. हे गाळणे निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

द्रोणागिरी हे आज नवी मुंबईच्या एका नोडचेही नाव आहे. या शहरासाठी १९७० पासून भूसंपादन झाले. मोबदल्याच्या प्रश्नावर उरण परिसरात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. मोठ्या कार्यासाठी जमीन उचलली गेली तेव्हा ती कोणाची होती, हा प्रश्न येथील मुलाला घरातच ऐकू येण्याची शक्यता आहे. अशा मुलासमोर हनुमानाला चोर ठरवणारी कथा जितकी उथळ, तितकीच पर्वताला मुका ठेवणारी कथा अपुरी.

उरणच्या तुकड्याला निवेदक केले, तर त्याला लंका ठाऊक असणार नाही, लक्ष्मणही नाही. त्याला ठाऊक असेल ते उपटले जाणे, वाटेत निसटणे, आणि पायथ्याशी हिमालयात कधी न पाहिलेले खारे पाणी.