प्रागचे खगोलीय घड्याळ : दंतकथा आणि दस्तऐवज

प्राग येथील जुन्या नगरभवनावरील खगोलीय घड्याळाविषयी एक दंतकथा सर्वश्रुत आहे. असे यंत्र अन्यत्र घडू नये म्हणून नगरसभेने त्याचा कर्ता हानुश याला आंधळे केले, असे ती सांगते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची आपल्याकडील कथा याच जातकुळीची आहे.

१५७० मध्ये यान ताबोर्स्की याने आपल्या वृत्तांतात घड्याळाचे कर्तृत्व हानुशकडे दिले. १८९४ मध्ये आलोइस यिरासेक यांच्या कथासंग्रहाने दंतकथा लोकप्रिय केली. तथापि, विसाव्या शतकात उजेडात आलेल्या ९ ऑक्टोबर १४१० च्या दस्तऐवजानुसार हे घड्याळ कादानच्या मिकुलाशने घडविले आणि नगरसभेने त्याचा गौरवच केला. गणिती रचनेचे श्रेय खगोलज्ञ यान शिंडेल यांस दिले जाते. हानुश हा नंतरच्या पिढीतील घड्याळकार ठरतो.

येथे लिखित साधन खरे आणि मौखिक खोटे, अशी सोपी विभागणी करता येत नाही. ताबोर्स्कीचा वृत्तांतही लिखितच होता. पण तो घटनेनंतर १६० वर्षांनी लिहिलेला होता. म्हणून साधनाची समकालीनता तपासणे अगत्याचे ठरते. अन्यथा कल्पित अन्यायाविषयी हळहळताना खऱ्या कर्त्याचे विस्मरण होते आणि त्याच्यावर अन्याय घडतो तो आपल्याच हातून.