‘शरफनामा’ आणि कुर्दांचा मुलूख

हरिहरेश्वराच्या उत्तरेस, याच किनाऱ्यावर, चौलच्या खाडींत इ. स. १५०८ च्या मार्च महिन्यांत जी आरमारी लढाई झाली, तींत पोर्तुगीज व्हाइसरायाचा पुत्र लोरेन्सु द आल्मैद पडला. मिसरच्या विजयी आरमाराचा सरदार अमीर हुसेन यास ‘अल्-कुर्दी’ ही निस्बत होती. पोर्तुगीज त्या आरमारांतील लोकांस सरसकट ‘रूमी’ म्हणत. तोच शब्द आपण उचलला म्हणजे कुर्द त्यांत लोपून जातो. हे कुर्द कोण, हें पाहूं जातां प्रथम हातीं येतो तो शरफखान बिदलीसीचा ‘शरफनामा’.

हा फारसी ग्रंथ इ. स. १५९७ मध्यें पुरा झाला व वेल्यामिनोव्ह-झेर्नोव्ह यांनीं तो सेंट पीटर्सबर्ग येथें १८६०-६२ मध्यें छापविला. कुर्द घराण्यांची इतकी सुसंगत हकीकत त्यापूर्वीं कोणीं दिलेली नाहीं, हें त्याचें श्रेय निर्विवाद आहे. परंतु ग्रंथकार स्वतः बिदलीसचा अमीर. प्रथम शहा तहमास्पाच्या पदरीं राहून १५७८ मध्यें तो सुलतान मुराद तिसरा याजकडे गेला आणि वडिलार्जित बिदलीस त्यास परत मिळालें. ग्रंथाचा चौथा भाग त्यानें याच घराण्यास वाहिला आहे. तेव्हां अमिरांची वंशावळ म्हणजेच लोकांचा इतिहास, हें त्याचें गृहीत आम्हांस मान्य करवत नाहीं. नांगरधारी व मेंढपाळ कुर्द तींत जवळजवळ दिसतच नाहीं.

दुसरा आक्षेप सीमेविषयीं. शरफखान कुर्दांचा मुलूख होर्मुझच्या समुद्रापासून मलात्या व मरअशपर्यंत नेतो आणि कुर्मांज, कल्होर, गोरान यांसह लूरांसही कुर्दांत गणतो. आज लूर हे बहुधा निराळे मानले जातात. कुर्दांचें मुख्य वसतिस्थान झाग्रोस व पूर्व तॉरस पर्वतांत असून तें तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार राज्यांत वांटलें गेलें आहे. त्यांची भाषा इराणी शाखेची. कुर्मांजी व सोरानी या तिच्या मुख्य बोली. बहुतेक कुर्द सुनी असले तरी शिया, अलेवी व यझीदीही त्यांत आहेत. संख्या अंदाजें तीन ते चार कोटी धरतात. इतक्या लोकांस स्वतःचें राज्य नाहीं. १९२० च्या सेव्र येथील तहानें दाखविलेली आशा १९२३ च्या लोझानच्या तहांत मावळली. इराकांतील कुर्दी प्रदेशास मात्र २००५ च्या राज्यघटनेनें मान्यता दिली. अशा लोकांच्या बाबतींत जुन्या ग्रंथांतील सीमारेषा हा केवळ पंडितांचा वाद राहत नाहीं. म्हणून ती रेषा कोणीं व कोणत्या हेतूनें आंखली, हें तपासल्यावांचून पुढें रेटणें धोक्याचें होय.

संग्राहकांस एक सूचना. जुन्या फारसी लेखनांत काफ व गाफ यांचा भेद पुष्कळदां पाळलेला नसतो. त्यामुळें तींच तीन अक्षरें ‘कुर्द’, ‘कर्द’ म्हणजे केलें, ‘गुर्द’ म्हणजे वीर व ‘गर्द’ म्हणजे धूळ अशीं चारही परींनीं वाचतां येतात. नांवापुढें हीं अक्षरें आढळल्यास नक्कल करतांना तीं गाळूं नयेत वा स्वमतानें दुरुस्त करूं नयेत. मूळ अक्षरें राखून वाचन बाजूस द्यावें. एका निस्बतीच्या लोपानें चौलच्या इतिहासांतून एक सबंध जात नाहींशी होते, हें आम्ही वर दाखविलेंच आहे.