माणसे आणि कारखाने

खेळाची समीक्षा साहित्याच्या अंकात कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना उत्तर एवढेच की, ज्या रचनेतून माणसाविषयीची एखादी दृष्टी व्यक्त होते, ती रचना समीक्षेच्या कक्षेत येतेच. सिमटेक्स या अमेरिकन संस्थेचा, स्टीव्ह बार्सिया यांनी रचलेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) हा संगणकावरील खेळ अशी एक रचना आहे.

विषय तसा मळलेलाच. ताऱ्याताऱ्यांवर वसाहती करावयाच्या आणि साम्राज्य वाढवावयाचे. नावीन्य आहे ते लोकसंख्या आणि उत्पादन यांच्या गाठीत. लोकसंख्येचे एक एकक आरंभी फार तर दोन कारखाने चालवू शकते; तंत्रज्ञान वाढेल तशी ही मर्यादा वाढते. माणसांवाचून कारखाने बंद पडतात, आणि कारखान्यांवाचून माणसांचे उत्पन्न अगदी तुटपुंजे राहते. शिवाय कारखान्यांची घाण निस्तरण्यासाठी उत्पन्नातला वाटा काढून ठेवावा लागतो. त्यात कसूर झाली की ग्रह माणसांना पोसेनासा होतो. जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन या पाच खात्यांत एकाला दिले की दुसऱ्याचे तेवढे कमी होते.

याहून मार्मिक आहे तो वाढीचा नियम. ग्रह निम्मा भरलेला असताना लोकसंख्या सर्वांत झपाट्याने वाढते, भरत आला की वाढ मंदावते. तेव्हा भरल्या ग्रहावरची माणसे नव्या वसाहतीत धाडणे शहाणपणाचे. पण ती गेली की मागचे कारखाने ओस पडतात. शत्रूच्या ग्रहावर उतरणारे सैन्य तेही याच माणसांचे. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. ती तिन्ही येथे केवळ आकड्यांच्या परस्परसंबंधातून प्रत्ययास येतात, हे या रचनेचे खरे यश होय.

१९९६ च्या दुसऱ्या भागात माणसे शेतकरी, कामगार आणि शास्त्रज्ञ अशी विभागली गेली. नव्या वसाहतीत हात थोडे, म्हणून इमारती रखडतात. यांत्रिक कारखाना उभा राहिला की प्रत्येक कामगाराचे उत्पन्न वाढते. उत्पादन घरबांधणीकडे वळविले की वस्ती वाढते, मात्र तोवर दुसरे काही बांधून होत नाही. तपशील समृद्ध झाला खरा, पण पहिल्या भागाचा रेखीव घाट त्यात थोडा विस्कटला.

आता मुख्य आक्षेप. दहा एकके युद्धावर धाडली आणि एकही परतले नाही, तर खेळणारा हळहळतो तो बंद पडलेल्या वीस कारखान्यांसाठी. माणूस म्हणजे दोन कारखान्यांचा राखणदार, हे समीकरण खेळ त्याच्या अंगवळणी पाडतो आणि वर विजयाचे बक्षीसही देतो. कोणी म्हणेल, राज्यकर्त्याची नजर अशीच असते आणि खेळाने ती प्रामाणिकपणे दाखविली. ते मान्य, पण त्या नजरेवर बोट ठेवील असे या रचनेत काहीच नाही. कादंबरीकार क्रूर राजा रंगवितो तेव्हा मेलेल्या शिपायाच्या घराचे दारही एकदा उघडून दाखवितो. येथे ते दार बांधलेलेच नाही. म्हणून हा खेळ बुद्धीला पूर्ण तृप्त करतो. त्याला थोर मात्र म्हणवत नाही.