‘लागणें’ : कोशांत आणि वर्गांत

मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र-शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांनीं प्रसिद्ध झाला. या दोहोंचें ऋण आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु ‘लागणें’ हें एकच क्रियापद परभाषी विद्यार्थ्यास समजावून देऊं लागलें म्हणजे कोश हातीं असूनहि शिक्षक गोंधळतो. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, लग्न लागतें, झाडाला आंबे लागतात, भात बुडाला लागतो, आणि कोणी कोणाचा मामाहि लागतो! इंग्रजींतील ‘गेट’ हा शब्द आमच्या मुलांना छळतो. त्याचा सूडच जणूं या शब्दानें उगवला आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव पडलें. तेथील सिंधी मुलांना हा शब्द मुळींच परका नाहीं. घरीं ‘मूंखे बुख लगी आहे’ म्हणणाऱ्यास ‘मला भूक लागली आहे’ हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. अडचण येते ती या ओळखीमुळेंच. सिंधींत, हिंदीप्रमाणें, हें क्रियापद दुसऱ्या क्रियेस जोडलें कीं ती क्रिया सुरू झाली असा अर्थ होतो. मराठींतहि ‘जाऊं लागला’ म्हणजे तेंच. पण ‘जावें लागलें’ म्हटलें कीं निरुपाय झाला.

आमच्या वर्गांतील एका सिंधी मुलीनें निबंधांत लिहिलें होतें, ‘माझे पणजोबा कराची सोडूं लागले.’ आम्ही लाल शाईनें ‘पणजोबांना कराची सोडावी लागली’ अशी दुरुस्ति केली. तिनें विचारलें, “सर, यांत फरक काय?” उत्तर देतांना आमचाच आवाज अडखळला. पहिल्या वाक्यांत पणजोबा आपण होऊन निघाले आहेत. दुसऱ्यांत ते ‘ना’ प्रत्यय घेऊन बाजूस उभे आहेत, आणि जें घडलें तें त्यांच्यावर येऊन पडलें आहे. मुलगी क्षणभर थांबून म्हणाली, “मग दुसरेंच खरें.”

भूक, ठेंच, झोंप, ओढ आणि सक्ति या साऱ्या माणसाला लागतात. त्याला विचारून येत नाहींत. हें सूत्र कोशांतील अर्थांच्या लांब रांगेंतून नवशिक्यास सांपडत नाहीं, आणि तें हुडकून देणें हें कोशाचें कामहि नव्हे. तें काम पाठ्यपुस्तकांचें. आणि आमच्या पाहण्यांतील बहुतेक पुस्तकें मात्र एका शब्दापुढें एक प्रतिशब्द मांडून मोकळीं होतात. त्यांनीं शब्दार्थांच्या यादीऐवजीं ‘सोडूं लागले’ आणि ‘सोडावें लागलें’ अशा वाक्यांच्या जोड्या शेजारीं शेजारीं छापाव्या. तेवढ्यानें उल्हासनगरच्या मुलांना आपल्याच घराची हकीकत मराठींत बिनचूक सांगतां येईल.