लोटस एलिस : हलकेपणा कोठून आला?

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, हेथेल येथील जुन्या लष्करी विमानतळावर, लोटस कंपनीचा कारखाना आहे. तेथे १९९६ ते २०२१ या काळात ‘एलिस’ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार तयार होत असे. पहिल्या एलिसचे वजन सुमारे ७२५ किलो होते. तिचे १.८ लिटरचे, ८८ किलोवॉटचे इंजिन रोव्हर कंपनीचे, साध्या प्रवासी मोटारींतही बसविले जाणारे. तरीही ती उभ्या स्थितीतून ताशी १०० किमी वेग सुमारे ६ सेकंदांत गाठत असे. याचे श्रेय सहसा ॲल्युमिनियमला दिले जाते. धातू हलका, म्हणून मोटार हलकी, हे वर्गातही चटकन पटते. पण ते अर्धेच खरे आहे.

प्रथम हलकेपणाचा लाभ नेमका कोठे होतो ते पाहू. चालकासह वस्तुमान ८०० किलो धरले, तर ताशी १०० किमी वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ३०९ किलोज्यूल होते. ती ६ सेकंदांत मिळवायची तर सरासरी ५१ किलोवॉट पुरतात. १४०० किलोच्या मोटारीला तेवढ्याच सरासरी शक्तीने साडेदहा सेकंद लागतील. कमाल वेगाची गोष्ट मात्र वेगळी. तेथे झुंज हवेच्या विरोधाशी असते आणि वस्तुमानाला फारसे महत्त्व उरत नाही. एलिसचा कमाल वेग ताशी २०० किमीच्या आसपास होता. या शक्तीच्या मोटारीसाठी त्यात नवल काही नाही.

वळणाचे काय? पाठ्यपुस्तकातील घर्षणाच्या नियमानुसार समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान निघून जाते. म्हणजे हलकी-जड मोटार सारख्याच वेगाने वळावी. खरा टायर हा नियम तंतोतंत पाळत नाही. त्यावरील भार दुप्पट केला, तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. हलक्या मोटारीचा फायदा या तफावतीत आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांपुढे हा अपवाद अवश्य ठेवावा.

आता धातूकडे वळू. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश. पण त्याचा यंगचा गुणांकही सुमारे एकतृतीयांशच! म्हणून तीच चौकट, त्याच आकाराची, तितकीच ताठ हवी असेल, तर ॲल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड घ्यावा लागतो आणि वजन होते पूर्वीइतकेच. मग नफा कोठे? तो आकारात. पातळ भिंतींच्या पोकळ पेटीची रुंदी व उंची दुप्पट केली आणि वजन तेच ठेवले, तर भिंतीची जाडी निम्मी होते. तरीही वाकण्याला विरोध चौपट होतो. पोलादाची भिंत इतकी पातळ केली तर ती चुरमडते. ॲल्युमिनियमची भिंत मुळात तिप्पट जाड असल्याने हे सोसते. एलिसची चौकट अशा मोठ्या, पोकळ पट्ट्यांची आहे आणि तिचे वजन अवघे ६८ किलो.

याची किंमत प्रवाशाला दारातच मोजावी लागते. बाजूच्या पेट्या इतक्या उंच व रुंद आहेत की आत बसणे म्हणजे एक कसरतच, विशेषतः छत लावलेले असताना. ही गैरसोय निष्काळजीपणाची नाही. ताठपणाची सोय याच पेट्यांत आहे.

या पट्ट्या वेल्डिंगने नव्हे, तर इपॉक्सी डिंकाने जोडल्या आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने, उष्णतासंस्काराने कणखर केलेले ॲल्युमिनियम जोडाजवळ मऊ पडते व भिंत जाड करावी लागते. डिंकामुळे भार सर्व पृष्ठभागावर पसरतो. मात्र कडेपासून सोलले जाताना डिंक कमकुवत ठरतो, म्हणून जोडीला यांत्रिक बंधनेही आहेत. ही रचना मला फार आवडते. तिचा दोष दुरुस्तीत दिसतो : चौकट वाकली तर पोलादासारखी ओढून सरळ करता येत नाही, बहुधा संपूर्ण बदलावीच लागते. किरकोळ अपघाताच्या मानाने हा खर्च अवाजवी वाटतो.

पुढे २००८ साली अमेरिकेतील टेस्ला कंपनीची रोडस्टर याच पद्धतीच्या चौकटीवर आधारून बाजारात आली. तिची बॅटरीच सुमारे ४५० किलोची, म्हणजे एलिसच्या साडेसहा चौकटींइतकी. एकूण वजन १२०० किलोच्या वर गेले, तरी वेग घेण्यात ती पहिल्या एलिसपेक्षा सरस होती, कारण विजेच्या मोटरची शक्ती कितीतरी अधिक. पण ब्रेकांना आणि टायरना जो अधिक भार पेलावा लागला, तो मोटर कितीही बलवान असली तरी कमी होत नाही.