घास, गिळणे आणि विद्युतप्रवाह : चेता-स्नायू विद्युत उद्दीपन या उपचारपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

अन्न गिळणे ही क्रिया इतकी सहज घडते की ती बिघडेपर्यंत तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. मेंदूचा झटका, कंपवात, डोक्याला झालेली इजा, तसेच तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतर मात्र अनेकांची ही क्रिया बिघडते. वैद्यकशास्त्रात या विकाराला डिसफेजिया असे म्हणतात. घोटभर पाण्यानेही ठसका लागणे, घास घशात रेंगाळणे, जेवणानंतर आवाज ओलसर होणे ही त्याची लक्षणे होत. अन्नकण श्वासमार्गात उतरल्यास फुप्फुसदाह होतो व तो प्राणावरही बेततो. काही रुग्णांत तर अन्न श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. हा प्रकार अधिक धोक्याचा.

या विकारावरील उपचारांमध्ये मानेच्या पुढील भागावर विद्युतअग्रे चिकटवून स्नायूंना सौम्य प्रवाह देण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली. तिला चेता-स्नायू विद्युत उद्दीपन असे म्हणता येईल. रुग्णांच्या बोलीत तो ‘करंट’. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील दाव्याची व पुराव्याची तपासणी करावयाची असून, आपल्या परिस्थितीत तिला कोणते स्थान द्यावे याचा विचार करावयाचा आहे.

गिळण्याच्या क्रियेचे स्वरूप

गिळण्याच्या एका क्रियेत तोंड, घसा व मान यांतील वीसहून अधिक स्नायूजोड्या भाग घेतात. जीभ घास मागे ढकलते, मृदू टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, हनुवटीखालील कंठिकास्थी व त्याला जोडलेले स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरयंत्राचे तोंड मिटते आणि त्याच क्षणी अन्ननलिकेचे द्वार उघडते. घास घशातून अन्ननलिकेत जाण्यास साधारण एक सेकंद पुरतो. या साऱ्या हालचालींचा क्रम मस्तिष्कस्तंभात ठरतो आणि जीभ व घसा यांतील संवेदनांनुसार तो प्रत्येक घासागणिक बदलतो. गरम चहाचा घोट, भाताचा घास आणि औषधाची गोळी एकाच रीतीने गिळली जात नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्नायूचे बळ आणि हालचालीचा मेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. बळ पुरेसे असूनही अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला तर पाणी श्वासमार्गात जाते. विद्युत उद्दीपनाची चिकित्सा करताना हा भेद कसोटीचा ठरतो, कारण बाहेरून दिलेला प्रवाह स्नायू आकुंचित करू शकतो. कोणता स्नायू केव्हा आकुंचित व्हावा हे तो ठरवू शकत नाही.

दाव्याचा उगम

या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली ती २००१ साली ‘रेस्पिरेटरी केअर’ या अमेरिकी नियतकालिकात आलेल्या फ्रीड व सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे. झटक्यानंतर गिळणे बिघडलेल्या रुग्णांपैकी ६३ जणांना विद्युत उद्दीपन आणि ३६ जणांना घशाच्या कमानींना थंड स्पर्श देण्याचा उपचार मिळाला. विद्युत उद्दीपन मिळालेल्या गटात सुधारणा लक्षणीय अधिक असल्याचे नोंदवले गेले. पुढे ‘व्हायटलस्टिम’ या नावाने यंत्र बाजारात आले व प्रशिक्षणवर्गांच्या द्वारे ते अनेक देशांत पोहोचले.

या अभ्यासावर लगेचच गंभीर आक्षेप घेतले गेले. रुग्णांची गटवारी खऱ्या अर्थाने यादृच्छिक नव्हती. सुधारणा मोजणाऱ्यांपासून रुग्णाचा गट लपवलेला नव्हता. उपचारपद्धतीच्या विकासाशी निगडित व्यक्तीच अभ्यासाच्या प्रमुख लेखिका होत्या. शिवाय तुलनेसाठी निवडलेल्या थंड स्पर्शाच्या उपचाराचीच परिणामकारकता संशयास्पद होती. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर मिळवलेल्या विजयाला सिद्धतेचा दर्जा देता येत नाही. तरीही यंत्राचा प्रसार पुराव्याच्या पुढे धावला.

प्रवाह नेमका कोठे पोहोचतो?

मानेच्या त्वचेवरून दिलेला प्रवाह प्रथम वरवरच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. स्वरयंत्राला वर उचलणारे स्नायू बऱ्याच अंशी खोलवर आहेत. उलट कंठिकास्थीच्या खाली, त्वचेला अधिक जवळ असलेले स्नायू त्याला खाली ओढणारे आहेत. त्यामुळे त्या भागावर अग्रे लावल्यास उचलले जावयाचे अस्थी खाली ओढले जाण्याची शक्यता राहते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी हीच शक्यता तपासली. २००६ साली हम्बर्ट व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींमध्ये, तर २००७ साली लडलो व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ विकार असलेल्या ११ रुग्णांमध्ये क्ष-किरण चित्रणाच्या साहाय्याने निरीक्षणे केली. विश्रांतीच्या अवस्थेत प्रवाह दिल्यावर कंठिकास्थी खाली सरकल्याचे दोन्हीकडे आढळले.

समर्थकांचा युक्तिवाद असा की, खाली ओढणाऱ्या या बळाविरुद्ध रुग्णाला जोर लावावा लागतो व त्यातून व्यायाम घडतो. हा युक्तिवाद निराधार नाही. लडलो यांच्या अभ्यासातच ज्यांचे कंठिकास्थी अधिक खाली ओढले गेले, त्यांचे प्रवाहासह गिळणे अधिक सुधारल्याचे दिसले. मात्र ज्याला असा जोर लावताच येत नाही त्याच्या बाबतीत तोच प्रवाह अपायकारक ठरू शकतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली : अन्न श्वासमार्गात जाण्याचे प्रमाण घटले ते स्नायू आकुंचित न करणाऱ्या, केवळ संवेदना निर्माण करणाऱ्या सौम्य प्रवाहाने. म्हणजे लाभ असलाच तर तो स्नायूच्या बळापेक्षा संवेदनेच्या मार्गाने होत असावा, असा तर्क करता येतो.

पुराव्यांचे वजन

२००७ साली कार्नबी-मान व क्रेरी यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून लहानसा, परंतु संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय लाभ नोंदवला. मूळ अभ्यास थोडे व सदोष असल्याची जाणीवही त्यांनी दिली. पुढील वर्षी ब्यूलो व सहकाऱ्यांनी स्वीडन, नेदरलँड्स व फ्रान्स येथील २५ रुग्णांत विद्युत उद्दीपन व पारंपरिक उपचार यांत लक्षणीय फरक नसल्याचे दाखवले. २०१६ साली लँगमोर व सहकाऱ्यांचा, डोके व मान यांच्या कर्करोगानंतरच्या शंभराहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामासह खरा प्रवाह व दुसऱ्याला व्यायामासह लटका प्रवाह १२ आठवडे देण्यात आला. अन्न श्वासमार्गात जाण्याच्या मोजपट्टीवर खरा प्रवाह मिळालेल्या गटाची स्थिती लटका प्रवाह मिळालेल्या गटापेक्षा वाईट होती. आहार व जीवनमान या बाबतींत मात्र दोन्ही गटांतील रुग्णांनी सुधारणा सांगितली. प्रवाह लटका असूनही रुग्णाला बरे वाटते, ही बाब या क्षेत्रात प्रत्येकाने ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

२०२० साली कार्नबी व क्रेरी यांनीच सहकाऱ्यांसह ५३ झटकाग्रस्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्यक्ष अन्न गिळण्याच्या पद्धतशीर सरावाला खऱ्या प्रवाहाची जोड दिलेला गट, लटक्या प्रवाहाची जोड दिलेला गट आणि नेहमीचे उपचार मिळालेला गट यांची तुलना होती. सर्वांत चांगली प्रगती लटक्या प्रवाहाच्या, म्हणजे वस्तुतः केवळ सरावाच्या गटाने केली. २००७ मध्ये लाभ नोंदवणाऱ्या संशोधकांनीच पुढे विरुद्ध दिशेचा निष्कर्ष मांडावा, हे संशोधकीय प्रामाणिकपणाचे उदाहरण होय.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. झटक्यानंतरच्या रुग्णांत पारंपरिक उपचारांना जोड म्हणून दिलेल्या उद्दीपनाने अल्पकालीन लाभ होतो, असे काही एकत्रित विश्लेषणांत आढळते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१८ साली दिलेले मार्गदर्शन समतोल आहे : सुरक्षिततेविषयी मोठी चिंता नाही; झटक्यानंतर लाभाची शक्यता दिसते, पण पुरावा मर्यादित असल्याने विशेष देखरेख हवी; अन्य कारणांमुळे झालेल्या विकारात ही पद्धत केवळ संशोधनापुरती वापरावी.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा शेवटचा भेद आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. तंबाखू, मिश्री व गुटखा यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचे ओझे आपल्या समाजावर मोठे आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तथापि आधीच्या सेवनाचे परिणाम दीर्घकाळ दिसत राहतात. किरणोपचारानंतर ताठर झालेल्या ऊतींनी गिळणे बिघडलेल्या रुग्णांचा एक मोठा वर्ग आपल्याकडे आहे, आणि नेमक्या याच वर्गाबाबत विद्युत उद्दीपनाविषयीचा पुरावा प्रतिकूल आहे. परदेशी झटकाग्रस्तांवरील निष्कर्ष दाखवून या रुग्णांना यंत्र लावणे शास्त्राला धरून होणार नाही.

या उपचारांचे काम वाचा व श्रवणतज्ज्ञांचे. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात १९६६ पासून या विषयाचे शिक्षण दिले जाते. ‘स्पीच थेरपिस्ट’ या रूढ नावात मात्र गिळण्याचा उल्लेख नाही. बोलता येणाऱ्या रुग्णाला तेथे का जावे हे उमगत नाही, आणि यंत्राचा मोह अशा वेळी अधिक होतो. करंट दिसतो, जाणवतो, त्याची वेळ मोजता येते. ‘हळू खा, हनुवटी खाली घ्या, दोनदा गिळा’ हा सल्ला उपचार वाटत नाही.

आपल्या घरांतील काही सवयीही विचारात घ्याव्या लागतील. ठसका लागला की ‘वर बघ’ असे म्हणण्याची रीत आहे. तांब्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याचीही आहे. ज्याचे गिळणे उशिरा सुरू होते, त्याने मान मागे टाकून पाणी प्यायल्यास ते श्वासमार्ग मिटण्यापूर्वीच घशात उतरते. तपासणीअंती अनेक रुग्णांना याच्या उलट, हनुवटी छातीकडे घेण्यास सांगितले जाते. ही गोष्ट कोणतेही यंत्र शिकवत नाही. ती घरातल्या माणसांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावी लागते.

मंडईतील शब्द आणि रुग्णाचे ताट

प्रत्यक्ष गिळण्याचा सराव हाच उपचाराचा गाभा असेल, तर अन्न हेच उपचाराचे साधन ठरते. सोप्या घासाकडून अवघड घासाकडे चढत जावयाचे, तर पायऱ्या निश्चित हव्यात. अमेरिकेत २००२ साली रूढ झालेल्या वर्गीकरणात द्रवांची तुलना मधाशी व फळांच्या दाट रसाशी केली होती. त्यानंतर आलेल्या ‘इड्डसी’ या आंतरराष्ट्रीय चौकटीत ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. द्रवाची पातळी मोजण्याची तिची रीत अत्यंत स्वस्त आहे : ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर द्रव भरून १० सेकंद वाहू द्यावयाचा व मागे किती उरला ते पाहावयाचे. १ ते ४ मिलिलिटर उरल्यास पहिली पातळी, ४ ते ८ उरल्यास दुसरी, त्याहून अधिक उरल्यास तिसरी.

ही चौकट मराठी ताटावर बसवण्याचे काम मात्र आपलेच आहे. पुण्याच्या मंडईत भाजी-फळे घेणाऱ्या आणि स्वयंपाकघरात ती रांधणाऱ्या माणसांच्या भाषेत पोताचे किती सूक्ष्म भेद आहेत! पातळ, सरसरीत, दाट, घट्ट. आसट, गुरगुट्या, मोकळा, फडफडीत. मऊ, लिबलिबीत, चिकट, रवाळ. रताळे उकडून कुस्करले तर घट्ट व कोरडे होते, दूध घातले की सरसरीत. संत्र्याच्या फोडीत रस पुढे धावतो व चोथा मागे राहतो. पातळ आमटी घातलेल्या भातातही तेच घडते. द्रव व घन एकत्र असलेला असा घास रुग्णाला सर्वाधिक अवघड. डाळिंबाचे दाणे, चिवडा, शेंगदाण्याचा कूट, चिकट साबुदाणा यांचे धोके वेगवेगळे आहेत. रुग्णाच्या हाती इंग्रजीवरून उतरवलेला तक्ता देण्यापेक्षा नाचणीची पेज, आंबील, कढी, पिठले, मेतकूट-भात यांच्या पातळ्या मोजून तयार केलेला तक्ता देणे अधिक उपयुक्त होय.

खर्चाचा अग्रक्रम

मंडईच्या इतिहासातील एक प्रसंग येथे स्मरणीय आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी बाजाराच्या भव्य इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता. इमारत १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली आणि कालांतराने तिला फुल्यांचेच नाव मिळाले. सार्वजनिक पैसा प्रथम कशावर खर्च व्हावा, हा त्या विरोधातून उभा राहणारा प्रश्न रुग्णालयांनाही लागू पडतो. यंत्र एकदा खरेदी करता येते. प्रशिक्षित माणूस घडवावा व टिकवावा लागतो. म्हणूनच यंत्राची खरेदी आधी होते.

लँगमोर यांच्याच १९९८ सालच्या अभ्यासात वृद्धांमधील फुप्फुसदाहाशी निगडित घटकांत दुसऱ्याच्या हाताने भरवले जाणे, मुखस्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे व किडलेले दात हे प्रमुख होते. भरवणाऱ्या हाताला शिकवणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे यांना वीज लागत नाही.

निष्कर्ष

चेता-स्नायू विद्युत उद्दीपन सर्वस्वी त्याज्य ठरवण्याइतका पुरावा नाही आणि मुख्य उपचार म्हणून स्वीकारण्याइतकाही नाही. झटक्यानंतरच्या निवडक रुग्णांत, क्ष-किरण चित्रण किंवा दुर्बीण तपासणीनंतर, सरावाला जोड म्हणून आणि रुग्णाला मराठीत सर्व मर्यादा सांगून त्याचा उपयोग करता येईल. कर्करोगानंतरच्या रुग्णांत तो संशोधनाबाहेर होऊ नये. केवळ प्रवाह देऊन सराव टाळणे हे मात्र कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत समर्थनीय नाही.

महाविद्यालयांना या कामात प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मराठी पदार्थांच्या पातळ्या सिरिंजने मोजाव्यात, भाषा विभागाने पोताच्या शब्दांचा संग्रह करावा, आणि वाचातज्ज्ञांनी त्या दोहोंच्या आधारे सरावाच्या पायऱ्या आखाव्यात. असा तक्ता तयार झाल्यास नाकातील नळी काढून पहिला घास घेऊ पाहणाऱ्या रुग्णाच्या घरी त्याच दिवशी त्याचा उपयोग होईल.