सावरणे : ‘श्यामची आई’चे एक वाचन

‘इमोशनल रेझिलियन्स’साठी हल्ली ‘भावनिक लवचीकता’ हा शब्द रूढ होतो आहे. वाकून पुन्हा सरळ होणे, हा खरे तर वेताच्या छडीचा गुण. मराठीत त्याहून चांगले क्रियापद आधीपासून आहे : सावरणे. ‘तो सावरला’ असे आपण म्हणतो, तसेच ‘तिने त्याला सावरले’ असेही म्हणतो. तोल जाणारा आणि धरणारा, दोघे एकाच शब्दात. शाळांतून मुलांची मने घट्ट करण्याच्या आजच्या चर्चेत धरणारा दिसेनासा झाला आहे, असे मला वाटते. त्यासाठी मी पुन्हा ‘श्यामची आई’ उघडली.

९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक रडवे आहे, हा आक्षेप जुनाच. १९५३च्या अत्र्यांच्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले आणि अश्रूंची ही ख्यातीही पक्की केली. पण श्यामच्या पोहण्याचे प्रकरण नीट वाचावे. विहिरीच्या भीतीने श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून शिंपटीने मारते आणि पाठवते. मुलगा पोहून येतो. मग त्याच आईला त्याचे वळ बघवत नाहीत. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारले, असे ती सांगते.

या माराचे समर्थन मी करणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही शाळेत बंदी केली, ते योग्यच झाले. परंतु श्यामला पोहता आले ते शिंपटीमुळे, असे वाचणारे अर्धेच वाचतात. विहिरीत पोहता येणारी माणसे आधीच होती. घरी परतल्यावर झाल्या गोष्टीविषयी बोलणारे कोणी होते. भीती, कृती आणि नंतरचे बोलणे असा तो क्रम आहे. ‘या उताऱ्यातून आईचा कोणता गुण दिसतो?’ हा परीक्षेतला प्रश्न तिसरी पायरी खाऊन टाकतो.

पुस्तकाच्या घडणीकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. प्रौढ श्याम आश्रमात रात्रीमागून रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो. त्यांत चुका आहेत, भित्रेपणा आहे, खोटेपणाही आहे. ऐकणारे त्याला हसत नाहीत. आपली लाज चारचौघांत सांगता येणे आणि तरीही त्यांच्यातच राहता येणे, ही मला या पुस्तकाची खरी शिकवण वाटते. आईचे गोडवे त्यानंतर.

ही रीत गुरुजींनी तुरुंगात अचानक शोधली नाही. १९२४ ते १९३० ते अमळनेरला शिक्षक होते. तिथल्या छात्रालयात मुलांबरोबर राहत, त्यांची बारीकसारीक कामे न बोलता करून ठेवत आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक लिहीत. दैनिक, हे लक्षात घ्यावे. वर्षातून एकदाची कार्यशाळा नव्हे.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. त्यावरून ‘एवढे हळवे असू नये’ असा निकाल देणारे समीक्षक मला घाईचे वाटतात. अशा मृत्यूचे एकच कारण काढता येत नाही, आणि त्यावरून पुस्तकाला गुण देणे तर त्याहून गैर. उलट प्रश्न असा पडतो, की इतक्यांना सावरणाऱ्याला कोणी सावरायचे? शिक्षकांविषयी तो आजही विचारला जात नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सांगितले. स्वागतच आहे. मात्र इथे कामोठ्यात माझ्या खिडकीतून शाळा सुटलेली दिसते, तेव्हा बरीच मुले दप्तर न उतरवता तशीच क्लासला वळतात. सिडकोच्या या वसाहतीत खानदेशातून, कोकणातून, साताऱ्याकडून आलेली कुटुंबे आहेत. आजी गावी, आई-वडील लोकलमध्ये. समुपदेशकाच्या खोलीपर्यंत ही मुले जातील तेव्हा जातील. त्याआधी वर्गातच, तास संपल्यावर दहा मिनिटे, कालच्या फजितीविषयी बोलायला कोणी थांबते का, हे मला पाहायचे आहे. वेळापत्रकात त्यासाठी रकाना नाही.